‘घोडनवरी’ नको

काही वर्षांपूर्वी एका चिनी कथेचा अनुवाद करताना ‘शंग-न्यू’ या शब्दासाठी मी ‘घोडनवरी’ लिहिले. कथेतली आई शेजारणीला फोनवर सांगते, की आमच्या मुलीची शंग-न्यू झाली. मराठी आई हे कसे म्हणेल असा विचार केला आणि शब्द आपोआप हाताशी आला. संपादकांना तो फार आवडला. एका वाचकाने ‘अनुवाद वाटतच नाही’ असे कळवले. आपल्याकडे अनुवादकाला यापेक्षा मोठी पावती मिळत नाही. तो शब्द चूक होता असे आज माझे मत आहे, आणि ज्या कौतुकामुळे ती चूक पक्की झाली त्या कौतुकाशी माझे भांडण आहे.

‘शंग’ म्हणजे उरणे. जेवणे आटोपल्यावर भांड्यात राहतो तो भात ‘शंग-फान’. ‘न्यू’ म्हणजे बाई. घोडनवरी या शब्दातले चित्र वेगळे आहे. आठव्या-दहाव्या वर्षी बोहल्यावर चढण्याच्या काळात जी मुलगी अंगाने वाढली, नवरी म्हणून थोराड दिसू लागली, ती घोडनवरी. शब्द कुचकट आहे यात वाद नाही. पण त्यात निदान मुलगी काही करते: ती वाढते. शंग-न्यू काहीच करत नाही. कोणीतरी पंगतीला बसले, हवे ते वाढून घेतले, हात धुऊन उठले, आणि ही पातेल्यात राहिली. त्या चित्रात जेवणारा दिसत नाही, तरी सगळे त्याच्या भुकेवरून ठरलेले असते. मी ‘घोडनवरी’ लिहिले तेव्हा हा जेवणारा मराठी पानावरून नाहीसा झाला. वाचकाला कथा ‘आपलीच’ वाटली ती त्यामुळे.

दुसरी गोष्ट शब्दाच्या कुळाची. घोडनवरी कोणी घडवली हे सांगता येत नाही; ती आज्या-मावश्यांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या आली. शंग-न्यूला मात्र सरकारी शिक्का आहे. 2007 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने 171 नव्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तीत हा शब्द होता: शिकलेली, कमावती, वय वाढलेली, मनासारखा जोडीदार न मिळालेली शहरी स्त्री. पुढे अखिल चीन महिला महासंघाच्या, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाने स्त्रियांच्या हक्कांसाठी उभारलेल्या संघटनेच्या संकेतस्थळावर या उरलेल्या बायांची प्रतवारीही झळकली. लेटा हाँग फिंचर यांनी 2014 च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. प्रतवारी वयाप्रमाणे होती आणि प्रत्येक पायरीवर ‘शंग’वर एक कोटी होती. चिनीत याच उच्चाराचे वेगळ्या चिन्हांनी लिहिले जाणारे शब्द आहेत: एका ‘शंग’चा अर्थ विजय, दुसऱ्याचा संत. त्यामुळे पंचविशीतली स्त्री ‘उरलेली वीर’ झाली. अठ्ठाविशीतलीसाठी पिझ्झा हटच्या चिनी नावावर कोटी केली. त्या नावात ‘नक्की जिंकणारा’ असा अर्थ आहे. तिथला विजयाचा शंग काढून उरण्याचा बसवला, की झाली ‘नक्की उरणारी’. पस्तिशीपुढची तर थेट ‘स्वर्गतुल्य महाउरलेली’. हे ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतल्या माकडाच्या, सुन वु-खोंगच्या बिरुदावरून घेतले आहे. ज्या भिक्षूबरोबर हे माकड आपल्याकडे यायला निघते तो ह्युएनत्संग. तो खराखुरा महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला. तेव्हा कोटी परकी म्हणून सोडून द्यायला आपल्यालाही फारशी सबब नाही.

आता हिशेब पाहा. चीनच्या 2020 च्या जनगणनेत स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे 3 कोटी 49 लाखांनी अधिक निघाले. एक मूल धोरणाच्या दशकांत मुलगी नको म्हणून जे झाले त्याची ही बेरीज. उरलेच असतील तर पुरुष उरले आहेत. ज्या राज्यव्यवस्थेने हा हिशेब बिघडवला तिनेच ‘उरणे’ हे क्रियापद बायकांना जोडले, आणि जोडताना विनोद केला.

न उरलेल्या, पण लग्न न झालेल्या पुरुषासाठी चिनीत जुना शब्द आहे ‘क्वांग-कुन’: उघडी काठी, फांदी-पान नसलेली. छिंग राजवटीच्या कायद्यातही तो होता आणि तिथे त्याचा अर्थ गुंड असा होई. उघड्या काठ्यांचे पुढे काय झाले? 11 नोव्हेंबर या तारखेत चार काठ्या एका ओळीत उभ्या दिसतात. म्हणून 1990 च्या दशकात विद्यार्थ्यांनी गमतीने तो ‘काठ्यांचा दिवस’ ठरवला. 2009 मध्ये अलिबाबाने त्या दिवशी सवलतींचा बाजार भरवला आणि तो जगातला एक सर्वांत मोठा खरेदीचा सण झाला. काठीला सण मिळाला, उरलेलीला सल्ला. आपल्याकडेही 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जुळलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. त्यांच्याविषयीच्या बातम्या मी लक्ष देऊन वाचल्या. ‘उरलेले’ हा शब्द मला कुठे आढळला नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. रूपके झिजतात, असे म्हणतात. शंग-न्यू म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे शिळा भात येत नाही, तेव्हा अनुवादकाने अर्थ घ्यावा आणि चित्र सोडून द्यावे. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी 1980 मध्ये या समजाला धक्का दिला त्याला आता चार दशके उलटून गेली, तरी अनुवादाच्या कार्यशाळांत हे वाक्य ऐकू येतेच. मी त्यावर एक साधी चाचणी सुचवते. रूपक मेले असेल तर त्याला पोरे होत नाहीत. मराठीतले ‘स्थळ’ घ्या. स्थळ चालून येते, स्थळ नाकारले जाते, स्थळाला दोन बहिणी असतात. जागा चालत कशी आली किंवा जागेला बहिणी कशा, असे कोणी विचारत नाही, कोणाला हसू येत नाही. स्थळाला कुंपण आहे का, विहिरीला पाणी आहे का, असा विनोदही कोणी केलेला मी ऐकला नाही. हे रूपक खरोखर मेले आहे. त्याचा अनुवाद करताना चित्र टाकून खुशाल पुढे जावे.

चिनी समाजमाध्यमांवरची प्रेमाची भाषा मात्र रोज विते आहे. एकटा राहणारा स्वतःला ‘एकटे कुत्रे’ म्हणवतो. मग जोडप्यांनी चारचौघांत गळ्यात गळे घालणे म्हणजे ‘कुत्र्यांपुढे खाद्य टाकणे’ झाले. ढुंकूनही न पाहणाऱ्या मुलीच्या मागे लाळ घोटत फिरणारा ‘चाटणारे कुत्रे’ झाला. सगळ्याच मुलींशी सारखाच गोड वागणारा ‘सेंट्रल एसी’: खोलीत येईल त्या प्रत्येकाला तीच हवा. शेअर बाजारात भाव चढलेले असताना दुसऱ्याने टाकलेला माल गळ्यात घेणाऱ्यासाठी जो शब्द होता, तो दुसऱ्यांनी सोडलेल्या मुलीशी लग्न करणाऱ्या पुरुषाला लागला. त्याच्यामागोमाग ‘तोटा थांबवा’ हा दलालांचा सल्लाही प्रेमात शिरला. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्यांवर मुलांची वये, उंची, पदवी, पगार, घराची मालकी लिहिलेले कागद लावून बसतात. तिथे बाजार हे रूपक आहे असे म्हणणेसुद्धा जरा जडच जाते.

च्यन चुंग-शू यांची 1947 साली पुस्तकरूपाने आलेली ‘वेढलेला किल्ला’ ही कादंबरी चिनी वाचकाला अजून पाठ आहे, आणि तिच्या नावातच लग्नाचे एक रूपक आहे: आतल्यांना बाहेर पडायचे आहे आणि बाहेरच्यांना आत शिरायचे. उपरोध कडू आहे. पण त्या तटापुढे बाई आणि पुरुष एकाच दुर्दशेत आहेत. किल्ल्याचा मालक कोणी नाही. आजच्या रूपकांत मालक असतोच. एकाच्या हातात गळ, चारा, पैसा किंवा रिमोट असतो, आणि दुसरा मासा, कुत्रे, माल नाहीतर उरलेले अन्न असतो. अनुवादात जपायची असते ती ही मांडणी. शब्दाची चव, बोलीतला रंग, हशा हे सारे नंतर.

माशांचेच बघा. एकाच वेळी अनेकींना किंवा अनेकांना आशेवर ठेवणारा तो ‘समुद्रराजा’. तो ‘मासे पाळतो’, त्याचे ‘तळे’ असते. यातले क्रियापद ‘यांग’. मराठीत त्याला एक शब्द नाही. आपण जनावर पाळतो आणि कुटुंब पोसतो. चिनी माणूस मासे, डुकरे, पोटची मुले आणि म्हातारे आईबाप या सगळ्यांना ‘यांग’ करतो. रखेल ठेवण्यालाही हेच क्रियापद लागते. ‘झुलवत ठेवणे’ असा आपला वाक्प्रचार इथे फार सोयीचा आहे, वाक्यात छान बसतो. त्याने चारा मात्र जातो. झुलवत ठेवलेल्याला कोणी खाऊ घालत नाही. तळ्यातल्या माशाला अधूनमधून थोडे टाकावे लागते: एखादा संदेश, एखादी ‘जेवलीस का’. मासा तळ्यात राहतो तो या चाऱ्यावर.

हे बारकावे म्हणजे अनुवादकाची हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच क्रियापदाचा पुढचा प्रवास पाहावा. ऑनलाइन प्रेमाचे नाटक करून, महिनोन् महिने विश्वास कमावून, शेवटी खोट्या गुंतवणुकीत सारी पुंजी लुबाडण्याच्या धंद्याला चिनी ठगांनी ‘शा-चू-फान’, डुक्कर कापण्याचा डाव, असे नाव दिले. त्यांच्या बोलीत फसवायचे माणूस डुक्कर, जोडीदार शोधण्याची ॲप डुकरांचे खुराडे, आणि गोड बोलण्याच्या आधीच लिहून ठेवलेल्या संहिता म्हणजे डुकरांचे खाद्य. प्रेमयाचना करण्याला ते ‘डुक्कर पाळणे’ म्हणतात. तळे आणि खुराडे यांत अंतर किती? मासे पाळणे हा चेष्टेचा विषय आणि डुक्कर पाळणे हा गुन्हा, पण वाक्यरचना एकच आणि क्रियापद एकच.

आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द ‘पिग बुचरिंग’ असा आला. इंग्रजीने चिनीचा शब्दशः अनुवाद केला आणि आपण इंग्रजीचे फक्त लिप्यंतर. त्यामुळे मराठी वाचकाला हे एखाद्या संगणकीय विषाणूचे नाव वाटते. आपण ठगांच्या तोंडचा शब्द बोलतो आहोत, लुबाडल्या गेलेल्या निवृत्त शिक्षिकेला डुक्कर म्हणतो आहोत, हे कळतही नाही. डिसेंबर 2024 मध्ये इंटरपोलने आवाहन केले, की या शब्दाने बळी पडलेल्यांना लाज वाटते, ते तक्रार करायला पुढे येत नाहीत, तेव्हा ‘रोमान्स बेटिंग’ म्हणा. हेतू चांगला आहे. पण बेट म्हणजे गळाला लावलेले आमिष. डुकराचा मासा झाला, एवढेच. मराठीत हे ‘प्रेमाचे आमिष’ असे सहज होईल, आणि आपल्या आमिषाचा मूळ अर्थ तर मांस. सामिष आणि निरामिष जेवणात तो अजून जिवंत आहे. मी अलीकडे ‘प्रेमाच्या नावाने लूट’ असे लिहिते. चित्र फिके आहे, हे कबूल. पण त्यात लुटणारा दिसतो आणि लुटलेली व्यक्ती माणूसच राहते. बातमीत ते पुरे. त्या ठगाच्या तोंडचा संवाद कादंबरीत आला, तर मात्र मी ‘डुक्कर’च लिहीन. तिथे ते झाकणे म्हणजे ठगाला सभ्य करणे.

तर मग शब्दशः अनुवाद करा, एवढाच माझा आग्रह आहे का? तसेही नाही, आणि इथे मला ‘बेई-थाई’ या शब्दाने चांगलाच धडा दिला. बेई-थाई म्हणजे गाडीचे जादा चाक. आपल्याकडे तंतोतंत तीच वस्तू आहे, तिचे रूपकही आहे: स्टेपनी. (वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ही जादा चाके बनत, रस्त्याचे नाव चाकाला लागले आणि भारतात टिकले.) वस्तू तीच, बोली तितकीच उडाणटप्पू. मी आनंदाने स्टेपनी लिहिली. मग हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारले, ‘हा मुलगा स्वतःला रखेल का म्हणतोय?’ आपली स्टेपनी लग्न झालेल्या पुरुषाने बाहेर ठेवलेली बाई. तो शब्द ठेवणाऱ्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या तोंडी असतो. चिनी बेई-थाई हा बहुतेकदा डिकीत पडून वाट पाहणारा मुलगा असतो आणि शब्द त्याच्याच तोंडी असतो. चाक एकच, बोलणारा वेगळा. शेवटी मी ‘डिकीतले चाक’ केले. संपादकांनी समासात ‘ओघ अडतो’ असे लिहिले. अडतो. अडू दे.

ओघाच्या नावाखाली काय वाहून जाते याचे सगळ्यात वाईट उदाहरण अजून सांगायचे आहे.

वांग पाओ-छुआन ही चिनी संगीत नाटकांतली जुनी नायिका. मंत्र्याची मुलगी, तिने एका कफल्लक तरुणाला वरले, बापाने घराबाहेर काढले. नवरा युद्धावर गेला आणि ती मातीच्या थंडगार गुहेत, रानातली भाजी खणून खात, अठरा वर्षे त्याची वाट पाहत राहिली. तो परतला तो दुसऱ्या राज्याच्या राजकन्येशी लग्न करून. परतल्यावर त्याने परका माणूस असल्याचा आव आणून आधी हिचे शील तपासले. पुढे ती राणी झाली आणि अठरा दिवसांत मेली, असे सांगतात. शीआन शहरात तिच्या गुहेच्या जागी आता प्रेम या विषयाला वाहिलेले उद्यान आहे. शेकडो वर्षे ती निष्ठेचा आदर्श होती. गेल्या काही वर्षांत चिनी तरुणींनी तिचा आदर्श मोडीत काढून त्याचा टोमणा केला. एखादी मैत्रीण दगाबाज मुलाकडे पुन्हा निघाली, की तिला म्हणतात, ‘जा, रानभाजी खण.’ अशा मुलीला ‘प्रेमाचा मेंदू’ झाला आहे असेही म्हणतात, जणू तो एखादा आजार आहे.

एवढ्या सगळ्या तळ्या-खुराड्यांत हे एकच रूपक मला असे सापडते, की ज्यात मांडणी उलटवली आहे: बाईच्या सोसण्याचा जो गौरव पुरुषांनी लिहिला, त्यातली टोपली आणि खुरपे बायकांनी उचलून जगासमोर धरले. आता अनुवादकापुढे मोह काय? ऊर्मिला. चौदा वर्षे वाट पाहणारी, वाचकाला तळटीप न लागणारी. एका तरुण सहकाऱ्याने मला अगदी मनापासून हे सुचवले. पण लक्ष्मण दुसरी राणी घेऊन परत आला नाही, ऊर्मिलेला भाजी खणावी लागली नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्या मुली एकमेकींना ‘ऊर्मिला होऊ नकोस’ असे हसत म्हणत नाहीत. म्हटले तर कोण कोण धावून येईल याची कल्पना सगळ्यांना आहे. चिनी मुलींनी आदर्शाला केलेली ही चेष्टा ऊर्मिलेच्या नावाने मराठीत आणली तर ती चेष्टा राहत नाही, पुन्हा हळहळ होते. ज्या आदराला त्या हसल्या तोच आदर आपण त्यांच्या तोंडी परत घालतो.

रानभाजीचाही घोळ आहेच. आपल्या शहरी वाचकाला पावसाळ्यातले रानभाजी महोत्सव आठवतात, टाकळ्याची भाजी आणि भाकरीचा स्टॉल आठवतो. वांग पाओ-छुआनची भाजी उपासमारीची आहे. तरीही मी ऊर्मिलेऐवजी ही भाजीच पत्करीन. वाचक एका वाक्यापुरता गोंधळेल, विचारेल की प्रेमात आणि भाजीत काय संबंध. मग त्याला गुहेची गोष्ट सांगावी लागेल. ती ऐकताना निदान तो चिनी मुलीचे ऐकेल.

उलट बाजूने भाषा कशी चालते तेही सांगायला हवे, नाहीतर माझे चित्र एकांगी होईल. जून 2025 मध्ये स्टीमवर एक चिनी खेळ आला. त्याच्या नावात ‘लाओ-न्यू’ हा शब्द होता: पाण्यातून गाळून काढावे तसे पुरुषांकडून पैसे उपसणारी बाई. खेळणाऱ्याने अशा बायांवर मात करायची. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच नाव बदलून ‘भावनिक फसवणूकविरोधी सराव’ अशा थाटाचे झाले. खेळ आतून तोच. नाव बदलण्याने काही होत नाही असे यावरून कोणी म्हणेल. मला उलटे दिसते. पहिल्या नावात भांडण होते म्हणून लोक भांडले. दुसरे नाव सरकारी पत्रकासारखे होते म्हणून भांडण विझले. माझ्या ‘घोडनवरी’ने नेमके हेच केले होते, फक्त सरकारी पत्रकाऐवजी आजीच्या सुरात.

त्या कथेचा समावेश असलेल्या संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. मी ‘घोडनवरी’ काढून ‘उरलेली’ घातले. आई आता शेजारणीला म्हणते, ‘आमची उरली.’ मुद्रिते परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘कशातून उरली? वाक्य अपुरे वाटते.’ चिनी वाक्यही तिथेच थांबते. मी ‘आहे तसे ठेवावे’ असे लिहून पान परत पाठवले आहे.